फोनच्या नकाशात नसलेलं शहर: कादंबरी वाचून आपलं गाव कसं कळतं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळले, जिथे मागून कुकरची शिट्टी वाजली, ते काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आज जरा वेगळा विषय आहे. विषय भूगोलाचा आहे, पण घाबरू नका, कुठेही अक्षांश-रेखांश पाठ करायचे नाहीत. आजचा प्रश्न साधा आहे: गोष्टीचं पुस्तक वाचून शहर कळतं का? म्हणजे अभ्यासाच्या पुस्तकातून कळतं त्याच्यापेक्षा वेगळं, जास्त खोल असं काही?

मी म्हणते, कळतं. आणि हे मला कसं उमगलं ते सांगण्यासाठी आधी एक भांडण सांगायला लागेल.

माझी मामेबहीण गेल्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला गेली. जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही गच्चीवर बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, आपल्या गावात आहे काय गं? मकबरा, पाणचक्की आणि ट्रॅफिक. संपलं." मला राग आला. मी तावातावाने बोलायला गेले आणि दोन मिनिटांत गप्प झाले. कारण पाहुण्यांना दाखवायच्या चार जागा सोडल्या तर या शहराबद्दल मला सांगता येईल असं काहीच नव्हतं. जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं, आणि तरी तोंडात शब्द नाही.

त्याच सुमारास मी मुंबईवरच्या कादंबऱ्या वाचत होते. गंमत बघा, मुंबईत मी आयुष्यात मोजून पाच-सहा वेळा गेलेय. तरी माझगावच्या चाळीबद्दल, माहीमच्या खाडीबद्दल मी जेवढं सांगू शकत होते, तेवढं मला गुलमंडीबद्दल सांगता येत नव्हतं! मग वाटलं, या पुस्तकांनी नेमकं काय केलं? आणि तेच आपण आपल्या शहराला लावलं तर?

मजला म्हणजे किती अंतर?

पहिलं पुस्तक किरण नगरकरांचं, 'रावण अँड एडी'. मूळ इंग्रजी, 1995 चं, मराठीतही आलंय. मुंबईत माझगावच्या एका चाळीत दोन पोरं वाढतात. एक मराठी हिंदू घरातला, दुसरा कॅथलिक घरातला. जिना एक, चाळ एक, मजले वेगवेगळे. आता फोनच्या नकाशाला विचारलं तर या दोघांतलं अंतर शून्य येईल. दोघांच्या घरावर एकच टाचणी! पण पुस्तक वाचताना कळतं, की दोघांची भाषा वेगळी, सण वेगळे, शाळा वेगळ्या, स्वप्नंसुद्धा वेगळी. तो एक जिना चढायला आयुष्य पुरत नाही.

यी-फू तुआन नावाचे एक भूगोलाचे अभ्यासक होते. 1977 साली त्यांचं एक पुस्तक आलं, त्यातला मुद्दा मला फार आवडतो. नुसती मोकळी जागा वेगळी आणि माणसाचा जीव जिथे गुंततो ते ठिकाण वेगळं. माणूस राहतो, वावरतो, आठवणी साठवतो, तेव्हा जागेचं ठिकाण होतं. नकाशात जागा असते. कादंबरीत ठिकाण असतं.

हे वाचलं आणि मला माझ्या आजोळची आठवण झाली. आजोळ कुंभारवाड्यात, गुलमंडीच्या जवळ. लहानपणी प्रत्येक दिवाळी तिथे. गुलमंडीवर फटाके, पैठण गेटला कपडे, औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकं. सगळं पायी. पण सिटी चौक ओलांडून पुढे शहागंजला मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. बावीस! अंतर किती? चालत दहा-पंधरा मिनिटं. "तिकडे जाऊ नको" असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण 'आपलं' कुठे संपतं हे मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. शहागंजच्या घरांतल्या मुलींनाही आपापली रेषा माहीत असणार.

ही रेषा कुठल्याही नकाशावर काढलेली नाही. महापालिकेच्या वॉर्डांच्या नकाशावरही नाही. मला ती पहिल्यांदा दिसली ती माझगावच्या गोष्टीत. दुसऱ्याच्या शहरात दिसली म्हणून मग आपल्या शहरात ओळखता आली.

नाका कुणाचा?

दुसरं पुस्तक, भाऊ पाध्येंचं 'वासूनाका'. 1965 चं. मुंबईतल्या एका नाक्यावर पडीक असणारी पोरं, त्यांची भाषा, त्यांचे उद्योग. पुस्तक आलं तेव्हा अश्लील म्हणून मोठी ओरड झाली होती. आज वाचलं तरी अंगावर येतं.

मुली ऐकत असतील तर त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतेय. वाचताना मी त्या पोरांच्या बाजूने वाचूच शकले नाही. मी सारखी रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या मुलीच्या बाजूने वाचत होते. आणि लक्षात आलं, माझ्या डोक्यातला सिडकोचा नकाशा असाच बनलाय! आम्ही एन-7 ला राहतो. क्लासहून घरी यायला जवळचा रस्ता कुठला, हे नकाशा सांगतो. पण मी सहा वर्षं लांबचा रस्ता वापरला, कारण जवळच्या रस्त्यावर पानटपरी होती आणि टपरीवर कायम आठ-दहा जण. म्हणजे माझ्यासाठी तो चौक बंद होता. माझ्या भावासाठी तोच चौक अड्डा होता, चहा होता, क्रिकेटचा स्कोअर होता. एकच चौक, दोन शहरं.

सकाळी सहाला एक शहर, रात्री दहाला दुसरं. बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं. नकाशात घड्याळ नसतं, कादंबरीत असतं.

पण कादंबरीही खोटं बोलते

आता थोडं सावध करते. पुस्तकात आलं म्हणजे शहर तसंच असतं, असं नाही. फ्रँको मोरेट्टी या अभ्यासकानं युरोपातल्या कादंबऱ्यांचे चक्क नकाशे काढले. 1998 मध्ये ते पुस्तक इंग्रजीत आलं. त्यात त्यानं शेरलॉक होम्सच्या गोष्टींतले गुन्हे लंडनच्या नकाशावर मांडले. काय निघालं? बहुतेक गुन्हे श्रीमंतांच्या वेस्ट एंडमध्ये आणि पेढ्या-बँका असलेल्या सिटी भागात. त्याच काळात चार्ल्स बूथनं लंडनच्या गरिबीचा रंगीत नकाशा केला होता. त्यात जिथे सगळ्यात जास्त हलाखी दिसते, त्या ईस्ट एंडकडे होम्स जवळजवळ फिरकतच नाही. म्हणजे गोष्टीतलं लंडन खरं, पण अर्धंच.

म्हणून कादंबरी वाचताना एक प्रश्न कायम हाताशी ठेवायचा: यात कोण नाही? कुठला भाग आलाच नाही?

मराठीत हा राहिलेला भाग भरून काढायचं काम काही पुस्तकांनी केलंय. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' घ्या. खाडीच्या काठावर, दलदलीत वसलेली झोपडपट्टी. लोकलच्या खिडकीतून नाक दाबून बघायचा तो भाग. कादंबरी तुम्हाला गाडीतून उतरवून तिथे उभं करते. भूगोलाच्या भाषेत ती शहराची कड आहे, जिथे जमीन संपते आणि पाणी सुरू होतं. पण ज्याला गावाकडून आल्यावर दुसरीकडे कुठे जागाच मिळाली नाही, त्याच्यासाठी तेच शहराचं मधोमध आहे.

आता चला आपल्या शहरात

तर ही सगळी अवजारं घेऊन मी घरी परत आले. म्हणजे घरीच होते, पण डोळे परत आले म्हणा.

सुरुवात पाण्यापासून करू. आपल्याकडे दुसऱ्या कशापासून करणार? 1610 मध्ये मलिक अंबरानं खडकी या गावाच्या जागी नवं शहर वसवलं. तेव्हा त्यानं उत्तरेकडच्या डोंगरातून पाणी आणलं. जमिनीखालून बांधलेले नळ, मधूनमधून मनोरे, पंप नाही, वीज नाही, फक्त उताराचा जोर. ती नहर-ए-अंबरी. पाणचक्कीत भिंतीवरून पडणारं पाणी बघून आपण सेल्फी काढतो ना, ती याच जातीची कारागिरी. डोंगर उंच, शहर खाली, पाणी आपसूक उतरतं.

आता आजचं बघा. आज शहर पाणी पितं जायकवाडीचं. पैठणजवळचा नाथसागर, शहराच्या दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटर, आणि शहरापेक्षा खालच्या पातळीवर. म्हणजे पाणी पंपांनी वर चढवावं लागतं. पूर्वी पाणी उतरून यायचं, आज चढून येतं. वीज गेली, पाइप फुटला, की शहर कोरडं. पूर्वीच्या गावाला उताराचं पाणी पुरलं, आजचं शहर केवढं वाढलंय! त्यामुळे जुनं सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. पण दिशा कशी फिरली ते तरी दिसतं.

हा झाला पुस्तकी भूगोल. कादंबरी काय सांगेल? ती सांगेल, की आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तेव्हा घरातलं कोण जागं राहतं. आमच्याकडे आई. रात्री अडीचला पाणी सुटलं की मोटर लावायची, आधी हौद, मग वरची टाकी, मग निळे ड्रम, मग हंडे, शेवटी पातेली. कुणाचं लग्न ठरवताना मुलाकडे बोअर आहे का, हे आमच्या गल्लीत खरोखर विचारतात. भाड्याची खोली घेताना आधी पाण्याचा दिवस विचारतात, मग भाडं. जिन्यात ड्रम कुणी ठेवायचा यावरून दोन घरं चार वर्षं बोलत नाहीत. 'रावण अँड एडी'मध्येही चाळीतल्या पाण्याची भांडणं येतात, ती वाचताना मला मुंबई दिसतच नव्हती, आमचा जिना दिसत होता.

पुढे नावं बघा. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतो आपण. दरवाज्यांच्या आतबाहेर पुरे: बेगमपुरा, जयसिंगपुरा, पदमपुरा, कर्णपुरा. जयसिंगपुऱ्याचं नाव मिर्झाराजे जयसिंगांवरून, आणि कर्णपुरा-पदमपुऱ्याची नावं बिकानेरच्या राजा कर्णसिंग आणि त्यांचा मुलगा पदमसिंग यांच्यावरून. मुघल फौजेबरोबर दख्खनेत आलेले हे राजपूत सरदार. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीच्या जत्रेत आपण पाळण्यात बसतो, तेव्हा पायाखाली एका राजस्थानी सरदाराची छावणी असते! मग येतं सिडको: एन-1, एन-2, एन-7. इथे सरदार नाही, संत नाही, नुसता आकडा. जुन्या शहराच्या नावात माणूस आहे, नव्याच्या नावात फाइल.

आणि मग पश्चिमेला वाळूज. 1985 मध्ये बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला आणि शहराची कूसच बदलली. बीड, जालना, परभणीकडची पोरं खोल्या करून राहायला लागली. माझे पप्पा त्यांच्यातलेच. सव्वीस वर्षं एका छोट्या कंपनीत, तीन पाळ्यांत. एन-7 ते वाळूज, नकाशा म्हणतो पाऊण तास. पण आमच्या घराचं घड्याळ त्या पाऊण तासावर चालायचं. पहिल्या पाळीला पहाटे पावणेपाचला डब्याचा वास. रात्रपाळी असली की दिवसभर घरात हळू बोलायचं. टीव्हीचा आवाज तेरावर. माझ्या लहानपणातला वाळूज म्हणजे झोपलेले पप्पा. वाळूज मी प्रत्यक्ष बघितलं ते कॉलेजला गेल्यावर.

हे कुठल्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय? नाही. पण हाच शहराचा भूगोल आहे. कारखाना पश्चिमेला गेला म्हणून पूर्वेकडच्या एका घरातली मुलगी हळू बोलायला शिकली.

शहागंजची ती सकाळ

मग मी ठरवलं, ती रेषा ओलांडायची. एका रविवारी सकाळी कुंभारवाड्यातून निघाले, गुलमंडी, सिटी चौक आणि सरळ शहागंजचा घड्याळाचा मनोरा. काही धाडस वगैरे नव्हतं. लोक दुकानं उघडत होते. एका गल्लीत दारापुढे ओळीने निळे ड्रम. अगदी आमच्यासारखे. एक आजीवयाच्या बाई ड्रम घासत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किधर से आये बेटा?" मी म्हटलं, "सिडको से." लगेच पुढचा प्रश्न, "तुम्हारे उधर पानी कब आया?"

नाव नाही विचारलं, जात नाही विचारली. पाण्याचा दिवस विचारला. मी म्हटलं, "आठवा दिन है." त्या म्हणाल्या, "हमारा भी."

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्यांच्याकडे दिवसा येतं की रात्री?" मला माहीत नव्हतं. विचारायचं राहिलंच.

एका भेटीत रेषा पुसली गेली, असा दावा मी करणार नाही. ती तिथेच आहे. पण आता ती मला दिसते, आणि दिसणारी रेषा ओलांडता तरी येते.

तुम्ही काय कराल?

एक किस्सा सांगते आणि मग गृहपाठ. जेम्स जॉइस या आयरिश लेखकानं 'युलिसिस' ही कादंबरी लिहिली, 1922 मध्ये ती छापली. सगळी गोष्ट डब्लिन शहरातल्या एका दिवसाची, 16 जून 1904. पण लिहीत होता तो परदेशात. मग त्यानं डब्लिनमधल्या आपल्या मामीला पत्र लिहून विचारलं, की अमुक रस्त्यावरच्या सात नंबरच्या घराच्या कठड्यावरून साधा माणूस खाली लोंबकळून, न दुखवता उडी मारू शकेल का? एवढ्या बारक्या गोष्टीसाठी पत्र! आज दरवर्षी 16 जूनला लोक ते पुस्तक घेऊन डब्लिनमध्ये फिरतात.

आपल्याला कादंबरी लिहायची नाही. पण असे प्रश्न तर विचारता येतील ना? तर हा गृहपाठ:

एक, शहरावरची कुठलीही एक कादंबरी घ्या. वाचताना पात्रं कुठून कुठे जातात ते वहीत लिहा. कोण चालत जातं, कोण रिक्षाने, कोण जातच नाही.

दोन, त्यात कुठला भाग आलाच नाही ते शोधा.

तीन, आपल्या गल्लीचा नकाशा हाताने काढा. मग आईला काढायला सांगा, भावाला, आजोबांना. चारही नकाशे शेजारी ठेवा. मी हे केलं. आईच्या नकाशात सगळ्यात ठळक काय होतं माहितीये? नळाचा व्हॉल्व्ह.

चार, जिथे तुम्ही कधीच गेला नाहीत अशी एक जवळची जागा निवडा. दिवसाउजेडी, कुणाला तरी सोबत घेऊन जा. न जाण्याचं कारण काय होतं, ते प्रामाणिकपणे लिहा.

आणि पुण्याला गेलेल्यांसाठी खास: भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' वाचा, 1963 ची. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग, आणि मग त्याचं गावी परतणं. त्यात तो अजिंठ्यालाही जातो. अजिंठा आपल्या जिल्ह्यात, पण इथून शंभर किलोमीटर, आणि जळगावहून साठच. आपल्याला वाटतं अजिंठा आपला. खानदेशातल्या माणसाला विचारा, तो म्हणेल आमचा. जिल्ह्याची हद्द एक सांगते, माणसाचे पाय दुसरंच सांगतात.

मामेबहिणीला मी हे पुस्तक पाठवलं. परवा तिचा मेसेज आला: "ताई, इथे पाणी रोज येतं. पण रात्री अडीचला मला आपोआप जाग येते." मी ते आत्याला वाचून दाखवलं. आत्या काही बोलली नाही, उठून ड्रमवरची झाकणं नीट करायला गेली.

आपल्या शहरात आहे काय, याचं उत्तर मला अजून पूर्ण देता येत नाही. पण गच्चीवर बसलो तर आता मी दोन मिनिटांत गप्प होणार नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावातली अशी एखादी रेषा, एखादा नाका, एखादा व्हॉल्व्ह असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या. आणि आज तुमच्याकडे पाण्याचा दिवस असेल, तर मोटर बंद करायला विसरू नका!